हलव्याला काटा आणणारा वारा

उत्तरेचा वारा सुटला की ते सर्वांत आधी कळतं दोरीवरच्या कपड्यांना. एरवी आमच्या बाल्कनीत कपडे वाळतात म्हणजे काय, तर ओल्याचे दमट होतात आणि दमटाचे कोमट. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या चिमुकल्या बेटावर हवेनेच पाणी धरून ठेवलेलं असतं, तिथे बिचाऱ्या टॉवेलाने काय करावं? पण जानेवारीतल्या त्या सकाळी मी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तो चक्क कुरकुरला! हाताला खरखरीत, कोरडाठाक लागला. नाकात गार, स्वच्छ, किंचित मातकट गंध शिरला, ओठ ताणल्यासारखे झाले आणि समोरच्या खजुरांच्या झावळ्या एकाच दिशेला मान वळवून सळसळू लागल्या. टॉवेल तसाच छातीशी धरून मी आत धावले आणि स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "आई, आला!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आला होता तो वारा. इथे त्याला शमाल म्हणतात. त्याची मी किती आतुरतेने वाट पाहत होते आणि का पाहत होते, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. तुम्हाला घाई नसेल अशी आशा आहे, कारण हिवाळ्याच्या गोष्टी घाईने सांगता येत नाहीत.

बहारीनचा हिवाळा हा मोठा संकोची प्राणी आहे. तो येणार येणार म्हणून गाजतो आणि दारातूनच परत फिरतो. पारा जरा खाली उतरला की बुदैयाच्या रस्त्यावरच्या बंगल्यांतून लोकरी टोप्या बाहेर येतात, मुलं हातमोजे घालून शाळेच्या बसमध्ये चढतात आणि वाळवंटात तंबू ठोकून लोक शेकोटीभोवती बसतात. आमचे घरमालक अबू खलील तर मेंढीच्या लोकरीचं अस्तर असलेला पायघोळ तपकिरी कोट चढवतात आणि अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसतात, इतक्या गंभीर चेहऱ्याने की कुणाला वाटावं, हे गृहस्थ नुकतेच हिमालयातून उतरले! पुण्यात ज्या हवेत आम्ही पंखा बारीक करत होतो, त्या हवेत हे थरथरतात. मी सुरुवातीला हसायची. आता माझ्याही कपाटात तीन स्वेटर आहेत, तेव्हा हसण्याचा हक्क मी कधीच गमावला आहे.

मला हवामानाचे अंदाज वाचायचं वेड आहे. व्यवसायाने मी हिशेबतपासनीस. दिवसभर होऊन गेलेल्या गोष्टींचे आकडे जुळवत बसते. त्यामुळे अजून न झालेल्या गोष्टींबद्दल कुणी इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेलं वाचलं की मला फार बरं वाटतं. आणि भाषा तरी केवढी भव्य! 'ध्रुवीय प्रदेशाकडून येणारा अतिशीत वायुप्रवाह', 'उंच पर्वतराजींवर हिमवृष्टीची शक्यता', 'खवळलेला समुद्र, लहान नौकांनी किनारा सोडू नये'. नकाशावर उत्तरेकडून एक निळी जीभ हळूहळू खाली उतरते, तुर्कस्तान चाटते, इराक ओलांडते, अरबस्तानाच्या वाळूत शिरते. दर हिवाळ्यात कधीतरी एकदा त्या जिभेचं अगदी टोक आमच्या बेटाला लागतं. मोठ्या नकाशावर आमचं बेट तीळभर दिसतं, तरी दिसतं हेही काही कमी नाही.

तर आई. दिवाळीनंतर त्या आमच्याकडे आल्या त्या वाईहून. सासरे गेल्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, वाईच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या आणि मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रोज सित्राच्या कारखान्यातून परत येताना बसमधून त्यांना फोन करायचा. एकदा फोन उचलायला त्यांना थोडा उशीर झाला, तर हा घरी पोहोचेपर्यंत पांढराफटक. मग आम्ही ठरवलं, आईंना इथेच आणायचं, कायमचं. आमचा मुलगा शिकायला पुण्याच्या हॉस्टेलात गेल्यापासून एक खोली रिकामीच होती. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी येऊन बघते. मग बघू." आमच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा होतो, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजलं होतं. व्हिजिट व्हिसा रथसप्तमीनंतर काही दिवसांनी संपत होता. त्याआधी त्यांनी हो म्हटलं तर रेसिडेन्स व्हिसाचा अर्ज करायचा, नाहीतर परतीचं तिकीट.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. सासू कायमची राहावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली सून तुम्ही फारशी पाहिली नसेल. ऑफिसातल्या मैत्रिणींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मला ताप आला आहे. पण माझी स्वतःची आई मी शाळेत असतानाच गेली. संध्याकाळी घरी यावं, किल्ली कुलपात फिरवण्याआधीच दार उघडावं आणि आतून कुणीतरी "आलीस का गं?" म्हणावं, हे सुख मला उभ्या आयुष्यात प्रथम मिळालं ते या नोव्हेंबरात. चहाचं आधण आधीच ठेवलेलं असायचं. मी ऑफिसातल्या कटकटी सांगायची आणि आई लसूण सोलता सोलता माझ्या साहेबाला मनापासून शिव्या द्यायच्या. मला त्या हव्या होत्या. मिलिंदसाठी नव्हे, माझ्यासाठी हव्या होत्या.

आणि त्या मात्र रोज थोड्याथोड्या कोमेजत होत्या. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही, पण एकदा बाल्कनीत उभ्या राहून म्हणाल्या, "मंजिरी, इथं डिसेंबर आलाय हे कुठं कळतं गं? परवा जशी हवा होती तशीच आज. मग वर्ष पुढं सरकतं तरी कसं?" मी कॅलेंडर दाखवणार होते, पण वेळीच सावरले. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. वाईला कृष्णेवरून पहाटेचं धुकं उठतं, मग अंगणात पाणी तापतं, मग बाजारात पावटा येतो, मग तीळ निवडायला घेतले जातात. ऋतू असे एकमेकांना हाक मारत येतात आणि त्यांच्या मागोमाग बाईचे हात आपोआप कामाला लागतात. हाताला काम सुचवणारा ऋतूच नसेल तर माणसाने नुसतं बसून काय करायचं? आमच्या घरात त्या बसून राहत, आणि त्यांच्यासारख्या बाईला बसून राहणं हेच मोठं आजारपण.

मग खाली राहणाऱ्या प्राजक्ताने नकळत सगळं बदलून टाकलं. सचिन आणि प्राजक्ता हे चिपळूणकडचं तरुण जोडपं. अबू खलीलच्या अंगणात मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, तिथे ते राहतात. सचिन मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करतो. त्यांची मुलगी ईरा तेव्हा नुकती बसायला लागली होती आणि बसल्याबसल्या कलंडायची, पण कलंडूनही हसायची. एके दुपारी प्राजक्ता आईंकडे आली आणि लाजत म्हणाली, "आजी, हिचं पहिलं बोरन्हाण करायचं होतं हो. पण हलव्याचे दागिने मागवले गावाहून, तर पार्सलात त्यांचा चुरा झाला." आणि तिने एका डब्यात चुरा आणून दाखवला. आईंनी त्या चुऱ्याकडे पाहिलं. मग ईराकडे पाहिलं. ईरा कलंडली. आई म्हणाल्या, "मी करून देते."

हलवा करणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांनी तो फक्त दुकानातून आणला आहे त्यांना सांगायला हवं, कारण मीही त्यांतलीच होते. मंद विस्तवावर परात ठेवायची, तिच्यात तीळ नाहीतर खसखस घ्यायची, साखरेचा पातळ पाक चमचाभर टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचे, पाक सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. पुन्हा हलवायचं. असे तास, आणि असे दिवस. पहिल्या दिवशी दाण्यावर नुसती पांढरी साय धरते, दुसऱ्या दिवशी तो गोल होतो आणि मग सगळं जुळून आलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर बारीक बारीक काटे फुलतात. आणि जुळून यायचं म्हणजे मुख्यतः हवेने जुळवून घ्यायचं. थंड, कोरडी हवा हवी. दमट हवेत साखर आळसावते आणि काटा येतच नाही. संक्रांतीचा हा पदार्थ आपल्या बायकांनी असा योजला आहे की त्याला खऱ्या हिवाळ्याची सही लागते. किती सुंदर कल्पना!

"काटा आला तर मानेन," आई परात घासता घासता म्हणाल्या, "की इथंही हिवाळा असतो आणि माणसाला राहता येतं." बोलल्या त्या हसत, पण मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं. त्या क्षणापासून आमच्या घराचं भवितव्य तिळाएवढ्या दाण्यावर येऊन ठेपलं होतं.

पहिली खेप संक्रांतीच्या आधी झाली आणि सपशेल फसली. त्या आठवड्यात वारा आग्नेयेकडून, समुद्रावरून येत होता. सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या असायच्या. आई तीन दिवस हलवत राहिल्या, बोटांची टोकं लाल झाली, आणि परातीत तयार झाले गुळगुळीत, चकचकीत, अगदी आज्ञाधारक गोल मणी. त्यांनी एक तोंडात टाकला. "ह्या खोकल्याच्या गोळ्या झाल्या," म्हणाल्या आणि परात बाजूला सारली. दुसऱ्या खेपेला मिलिंदच्या अभियंतेपणाला जाग आली. त्याने विजेची शेगडी हॉलमध्ये आणली, एसी सोळावर लावला, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले आणि आईंना शाल पांघरून मध्ये बसवलं. "आई, हा घे हिवाळा!" एसीचा झोत एकाच बाजूने येत होता. त्यामुळे परातीचा निम्मा भाग गार आणि निम्मा गरम राहू लागला, आणि या खेपेचे दाणे एका अंगाने खडबडीत, एका अंगाने तुळतुळीत निघाले. हॉलमध्ये आम्ही तिघंही नाक ओढत बसलो होतो. त्याही गोळ्या गेल्या खोकल्याच्या डब्यात, आणि आता खरोखरच त्यांची गरज होती.

संक्रांत झाली. मनामाच्या दुकानातून आणलेला तिळगूळ आम्ही वाटला, गोड बोललो. आईही गोड बोलल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली बॅग पलंगाखालून काढून तिची चेन तपासली. काही भरलं नाही, नुसती चेन उघडून मिटली. मी दारातून पाहिलं. चेन नीट चालत होती. मला ती बिघडलेली असती तर बरं वाटलं असतं.

रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, तेवढाच आता अवकाश उरला होता. मी रोज सकाळी दात घासण्याआधी अंदाज वाचू लागले. वाचता वाचता एक दिवस थबकले. उत्तर अरबस्तानात बर्फ पडण्याची शक्यता! इराकात कडाक्याचा गारठा, इराणच्या डोंगरांत घाट बंद, आणि थेट उत्तर ध्रुवाकडची हवा खाली सरकत असून आठवड्याअखेरीस आखातावर जोरदार वायव्य वारे, धूळ, तापमानात मोठी घट. नागरिकांनी काळजी घ्यावी. काळजी! मी खुर्चीतच एक छोटीशी उडी मारली. ऑफिसात सगळे हळहळत होते. कुणाची वाळवंटातली सहल रद्द झाली होती, कुणाला गाडी धुतल्याचा पश्चात्ताप होत होता. त्या सर्वांमध्ये मी एकटीच प्रसन्न मुद्रेने बसले होते. बर्फात उभ्या असलेल्या उंटांचा एक फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. आपल्या पाठीवर हे पांढरं काय पडलं आहे, असा भाव त्या उंटांच्या चेहऱ्यावर होता.

संध्याकाळी फाटकापाशी अबू खलील भेटले. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्यांनी जे हिंदी कमावलं आहे, त्यात म्हणाले, "मदाम, गुरुवार को वाजिद बर्द! बहुत ठंडी. हवा भी खराब. माजी को अंदर रखो." मी म्हटलं, "अबू खलील, माजी को यही ठंडी चाहिए. इंशाल्ला खूब आए." त्यांनी कोटाच्या कॉलरमधून माझ्याकडे रोखून पाहिलं. थंडी यावी अशी प्रार्थना करणारं माणूस त्यांनी सत्तर वर्षांत पाहिलं नसावं. मग मी त्यांना हलव्याचं सांगितलं, ईराचं सांगितलं, बोरांचं सांगितलं. बोरं म्हणताच ते उठले आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या झाडाकडे मला घेऊन गेले. ते झाड मी इतकी वर्षं पाहत होते, नाव कधी विचारलं नव्हतं. "कनार," ते म्हणाले. फांद्यांना काटे, आणि पानांआड हिरवी-पिवळी, पिकायला आलेली बोरं! आपलीच बोरं, जरा बुटकी. "यल्ला, बच्ची के लिए जितना चाहिए उतना," ते म्हणाले आणि लगेच पुन्हा कॉलरमध्ये शिरले.

त्या रात्री झोपताना मी त्या हवेचा विचार करत होते. जिथे महिनोन्महिने सूर्य वर येत नाही, त्या निर्जन शुभ्र प्रदेशातून ती निघाली. तिने गोठलेल्या नद्या पार केल्या, पर्वतांवर आपलं सगळं पाणी बर्फाच्या रूपाने उतरवून ठेवलं, वाळवंटाच्या रेतीवरून धावत ती आणखी कोरडी, आणखी हलकी झाली. इतक्या दूर येईपर्यंत तिच्याजवळ द्यायला हिम उरत नाही, उरतो तो केवळ शुष्क गारवा. लोकांना वाटतं, आपल्याकडे पोहोचेपर्यंत थंडीचं काही शिल्लकच राहत नाही. पण मला हवं होतं ते नेमकं हेच उरलेलं! ज्याला जग उरलंसुरलं म्हणतं, त्याचीच कुणीतरी कुठेतरी वाट पाहत बसलेलं असतं, नाही का?

आणि मग ती सकाळ आली, कुरकुरत्या टॉवेलाची. शुक्रवार होता, सुट्टी होती. आईंनी बाल्कनीत येऊन नाक वर केलं, डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि आत जाऊन पदर खोचला. पाक करायला घेतला, त्यात दूध घालून मळी काढली. सचिनने वर्कशॉपमधल्या उरलेल्या पत्र्याची एक देखणी शेगडी करून दिली होती, तिच्यात कोळसे पेटवले. पण बाल्कनीचं दार उघडावं तर वाऱ्याबरोबर धूळ, आणि मिटावं तर गारवा बाहेर. परातीत साखरेआधी अरबस्तानच येऊन पडायचा! आईंनी जाऊन कपाट उघडलं. मग त्यांनी आपलं मलमलचं नऊवारी काढलं, ओलं करून घट्ट पिळलं आणि मिलिंदला स्टुलावर चढवून बाल्कनीच्या दाराला ताणून बांधायला लावलं. मला शंका आली. "आई, ओल्या कापडाने हवा दमट नाही का व्हायची?" "पाच मिनिटांत वाळेल बघ, आणि वाळलं की राहू दे तसंच. भिजवलंय ते नुसतं वीण आवळायला," त्या म्हणाल्या. खरंच पाच मिनिटांत ते नऊवारी फडफडायला लागलं. वारा त्यातून गाळून आत येऊ लागला, गार आणि निर्मळ, आणि आमचा हॉल शिडाच्या गलबतासारखा दिसू लागला.

तीन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. शनिवारी आईंनी मला परातीपाशी बसवलं. "बोटं दाबू नकोस. दाण्यांना नुसतं इकडून तिकडे जायला सांगायचं." मी सांगत होते, पण दाणे माझं ऐकत नव्हते, चार-चार एकमेकांना चिकटून बसत होते. आई ते हलकेच सोडवायच्या आणि सोडवताना वाईच्या गोष्टी सांगायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांच्या सासूबाईंनी त्यांना नखशिखान्त हलव्याने मढवलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मिलिंदच्या बाबांनी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांच्या बांगडीतला एक दाणा तोडून खाल्ला होता. हे सांगताना त्या इतक्या लाजल्या की मलाच दुसरीकडे पाहावं लागलं. वर्षभरात बाबांचा विषय निघाला आणि आईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

रविवार हा इथे कामाचा दिवस. ऑफिसात मी होते, पण माझं चित्त परातीत होतं. अंदाजात लिहिलं होतं, संध्याकाळनंतर वाऱ्याचा जोर ओसरेल. म्हणजे आज नाही तर नाहीच! दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर आई म्हणाल्या, "अजून नाही." फोन ठेवताना त्यांचा आवाज थकलेला वाटला. मी साहेबाला खरं तेच सांगितलं, सासूबाईंसाठी लवकर घरी जायचं आहे, आणि त्याने बहुधा काहीतरी भलतंच समजून मान हलवून परवानगी दिली. जिने चढले तर दार उघडंच होतं. आई परातीसमोर बसल्या होत्या, आणि समोर प्राजक्ता ईराला मांडीवर घेऊन बसली होती. आईंनी मान वर न करता तळहात पुढे केला. तळहातावर तिळाचे पाच-सहा दाणे होते, बर्फासारखे पांढरे, आणि प्रत्येकाच्या सर्वांगावर काटे. बारीक, तीक्ष्ण, ऐटबाज काटे! उत्तरेत पडलेलं हिम आमच्या परातीत येऊन उतरलं होतं. मी एक दाणा उचलला आणि तो बोटाला टोचला. इतकं गोड मला आजवर काही टोचलेलं नाही. मी आईंच्या गळ्यात पडले आणि रडले, सरळ सरळ रडले. आई म्हणाल्या, "अगं बाई, पाठ मोडेल माझी," पण त्यांनी मला दूर केलं नाही.

बोरन्हाण अंगणात झालं, कनारच्याच झाडाखाली. काळ्या झबल्यावर हलव्याचा हार, मुकुट, बाजूबंद घालून ईरा राणीसारखी बसली, कलंडली, आणि आपल्याच मुकुटाचा एक दाणा काढून तिने तोंडात घातला. आईंनी ओंजळीने तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि हलवा ओतला. आजूबाजूची मुलं वेचायला धावली, त्यांत अबू खलीलची नातवंडंही होती. ती अरबीत, मल्याळीत, इंग्रजीत भांडत होती आणि मराठी बोरं खात होती. अबू खलीलनी हलव्याचा एक दाणा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "ये ठंडी ने बनाया?" त्यांनी विचारलं. "थंडीनं आणि मी," आईंनी मराठीतच उत्तर दिलं. त्यांना ते पूर्ण कळलं असावं, कारण ते "माशाल्ला" म्हणाले, आणि त्यांनी कोटाचं वरचं एक बटण उघडलं.

इतकं सगळं होऊनही आई राहण्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. मिलिंद विचारू का म्हणाला, तर मीच त्याला डोळ्यांनी गप्प केलं. काटा आला तर मानेन, असं त्या हसत म्हणाल्या होत्या. हसत म्हटलेल्या शब्दात माणसाला बांधून ठेवणं बरं नव्हे.

दोन दिवसांनी वारा पुरता पडला. हवा पुन्हा मऊ, समुद्री झाली. सकाळी मी मोबाईलवर अंदाज वाचत बसले होते, तोच आई चहाचे कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. "हे तुझं हवामान पुढचं पण सांगतं का? उन्हाळ्याचं?" मी सटपटले. खरं सांगावं तर मोठीच पंचाईत! पण आईंशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. सांगून टाकलं, की आई, उन्हाळा इथला फार वाईट. मे उजाडला की अंग भाजतं. जूनमध्ये गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, नळाचं पाणी उकळतं येतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ऊन असं की डोळे उघडत नाहीत, आणि हे चांगले चार-पाच महिने. प्रत्येक वाक्यागणिक मला परतीचं तिकीट जवळ येताना दिसत होतं. आई बशीत चहा ओतून शांतपणे ऐकत होत्या.

थंडी त्यांना भेटली ती तीन दिवसांची पाहुणी. पण माणूस एखाद्या गावी रुजतो तो तिथली हवा सुखाची आहे म्हणून थोडाच? तसं असतं तर निम्मी पृथ्वी ओस पडली असती. त्या हवेचं आपण काय करायचं, हे हातांना उमगलं की गाव आपलं होत असावं. हे शहाणपण मला आत्ता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मी फक्त त्यांच्या बशीकडे पाहत बसले होते.

आईंनी बशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक उजेड पसरत गेला.

"एवढं कडक ऊन?" त्या म्हणाल्या. "म्हणजे कुरडया एका दिवसात वाळतील की गं! वाईला तीन दिवस लागतात, वर कावळे हाकत बसायचं." मग जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"